सोया डीओसी ४५ टक्के, राईस डीडीजीएसपण ४५ टक्के, मग गायीला पचतं किती?

गोरेगाव_तबेला: नमस्कार मंडळी, आरेजवळ आमचा तबेला आहे, म्हशी जास्त पण एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गायीपण आहेत. सोया डीओसी (तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड) महाग पडतेय म्हणून व्यापारी राईस डीडीजीएस (तांदळापासून अल्कोहोल काढल्यावर उरलेला सुका चोथा) घ्या म्हणतोय, रिपोर्टवर दोघांचं प्रोटीन ४५ च्या आसपास. पण माल काळपट आहे, मुठीत घेतला की करपल्याचा वास येतो. अंगी किती लागतं ते मोजता येतं का, शेण तपासून कळेल?

परळ_व्हेट: नुसत्या शेणावरून नाही कळणार दादा. रिपोर्टवरचं प्रोटीन म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात, युरिया मारला तरी आकडा चढतो. त्यात रुमेनमधले (गायीच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा) जंतू बरंचसं प्रोटीन फोडून स्वतःचं बनवतात, उरलेलं पुढे जातं आणि मोठ्या आतड्यातले जंतू त्यात परत ढवळाढवळ करतात, त्यामुळे शेणातले अमिनो ॲसिड (प्रोटीनचे घटक) बघून आतड्यात काय पचलं ते सांगता येत नाही.
रिसर्चवाले काय करतात, पोटाला कॅन्युला (बाहेरून आत पोचायचं झाकणवालं तोंड) बसवलेल्या गायीच्या रुमेनमध्ये दळलेलं खाद्य नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत १६ तास ठेवतात, मग पिशवी धूत राहायची, पाणी नितळ येईपर्यंत. आत राहिलं ते बायपास, म्हणजे रुमेनमध्ये न फुटता पुढे जाणारं. त्याला लॅबमध्ये ॲसिड-पेप्सिनमध्ये (जठरातल्यासारखा पाचक रस) १ तास आणि पॅन्क्रियाटिनमध्ये (स्वादुपिंडाचे पाचक रस) २४ तास ठेवतात, विरघळेल ते आतड्यात पचणारं. ही तीन टप्प्यांची पद्धत १९९५ ची, अजून चालते.

खाद्य_लॅब: डॉक्टरांचं बरोबर, पण बायपास जास्त म्हणजे माल भारी असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका!! बेताची उष्णता चांगली, पण वाळवताना माल करपला की प्रोटीन रुमेनमध्येही फुटत नाही न् आतड्यातही पचत नाही, सरळ शेणात. आणि पहिला मार लायसीन या अमिनो ॲसिडला, ते साखरेला चिकटून बसतं, मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो ॲसिडसोबत दुधाला तेच कमी पडतं. लॅबला एडीआयएन टेस्ट सांगा, म्हणजे ॲसिड डिटर्जंट फायबरला (चिवट चोथ्याला) अडकलेला, सहसा न पचणारा नायट्रोजन, त्याला कॅन्युलावाली गाय लागत नाही. आकडा जास्त आला तर सावध.

गोरेगाव_तबेला: मस्त समजावलंत दोघांनी, आभारी. एका गोणीतला नमुना चालेल?

खाद्य_लॅब: नको, आठ-दहा गोण्यांतून वरून-मधून-खालून मूठमूठ काढा, मिसळून अर्धा किलो पाठवा, आणि सोबत जुन्या सोया डीओसीचाही द्या म्हणजे दोन्ही एकाच लॅबमध्ये समोरासमोर बघता येतील.