मदत हवी आहे: सासऱ्यांच्या पायांच्या आगीवर ‘डिप्रेशनची’ गोळी

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे. सासरे (आबा) ६९ वर्षांचे, सगळी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. साखर १४ वर्षांपासून आहे. गेल्या पावसाळ्यापासून रात्री तळपायांची आग होते, चादर लागलेलीही सोसत नाही. रात्री दोनला उठून बघावं तर मोरीच्या ओल्या फरशीवर पाय टेकून बसलेले असतात.

डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसा खराब झाल्यात. रात्री घ्यायला अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिली. औषधाच्या दुकानातला मुलगा सहज बोलून गेला, “ही डिप्रेशनची.” झालं! घरी येऊन आबांनी पाकीट कोनाड्यात ठेवलं ते ठेवलंच. “मला काय याड लागलंय व्हय?”

मग मी वाचायला बसले. औषध जुनं आहे, अमेरिकेत १९६१ मध्ये डिप्रेशनसाठीच मंजूर झालेलं. पेशींमधून बाहेर पडलेली सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं पुन्हा आत ओढली जातात, ते ही गोळी अडवते. मेंदूकडून मणक्यात उतरून वेदना दाबणाऱ्या वाटाही याच रसायनांवर चालतात, म्हणून नसांच्या दुखण्यालाही ती देतात. डिप्रेशनला बहुधा ७५ ते १५० मिलिग्रॅम लागतात, आबांना १० सांगितलेत. एवढं समजावल्यावर ते जरा निवळले. “म्हंजे पायाचीच हाय न्हवं?” असं दोनदा विचारलं.

पण आता मलाच धास्ती वाटते. हीच गोळी शरीरात नसांचे निरोप अवयवांना पोचवणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनालाही अडवते, त्यानं तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, लघवी अडू शकते. आबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. बाथरूममध्ये दहा-दहा मिनिटं लागतात, आणि हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलेलंच नाही. का, तर सून शेजारी बसली होती. गोळी सुरू करावी का? कुणाच्या घरी असा अनुभव आहे?

प्रतिसाद:
ताई, प्रोस्टेटचं सांगितल्याशिवाय पहिली गोळीसुद्धा देऊ नका. काचबिंदू किंवा हृदयाचं काही असेल तर तेही सांगा, ईसीजी काढायचा का ते विचारा. माझ्या आईला हीच गोळी दीड वर्ष होती. झोप पहिल्या आठवड्यातच लागायला लागली, आग कमी व्हायला मात्र महिना गेला. रात्री उठताना तिला चक्कर यायची, म्हणून पलंगाजवळ दिवा ठेवला आणि दोन मिनिटं बसून मगच उठायची सवय लावली. सुरू केलीत तर मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. ही नकोच म्हणाले तर ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन अशी दुसरी औषधं आहेत. ड्युलोक्सेटिनही मुळात डिप्रेशनचंच आहे, ते आबांना आधीच सांगून ठेवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. पाकीट अजून कोनाड्यातच आहे, ते बरंच झालं म्हणायचं. उद्या संध्याकाळची वेळ घेतली आहे. आबांबरोबर ह्यांना आत पाठवणार, लघवीचं चिठ्ठीवर लिहून देणार, आणि मी बाहेर बाकावर बसणार.