वेलचीची जाहिरात आणि गुटख्याची पुडी: बंदी नक्की कशावर हवी?

आडवाटकर (धागाकर्ता)

महाराष्ट्रात गुटखा आणि पान मसाला २०१२ च्या जुलैपासून बंद आहे. सरकार दरवर्षी नवा आदेश काढून बंदी वर्षभरासाठी वाढवतं. तरीही क्रिकेटचा सामना लावा, हिंदी बातम्या लावा, नाहीतर हायवेला लागा. तीच नावं, तेच रंग, तेच हिरो. कोपऱ्यात 'इलायची' असं लिहिलेलं असतं, पण ते वाचायला भिंग लागतं.

मला सांगा, तुमच्या स्वयंपाकघरातली वेलची कुठल्या कंपनीची आहे? आमच्याकडे वाण्याकडून सुटी येते, आणि कंपनी वाण्यालाही माहीत नसते. त्या वेलचीसाठी एकाच जाहिरातीत तीन-तीन सुपरस्टार कोण उभे करेल?

माझं म्हणणं असं की या जाहिराती पुडी नव्हे, प्रतिष्ठा विकतात. आणि हे काही आजचं नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर अशोक कुमार आणि शम्मी कपूर व्याही-व्याही म्हणून समोरासमोर बसायचे. हुंडा नको, मानपान नको, फक्त वरातीचं स्वागत पान परागने करा! त्या काळी घराघरात एकच चॅनल होतं, त्यामुळे ही जाहिरात न पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. पुढे माणिकचंदने 'ऊँचे लोग, ऊँची पसंद' म्हणत फिल्मफेअर सोहळ्यालाच आपलं नाव लावलं. तळहातावर तंबाखू मळणारा तो गावंढळ आणि दाताने पुडी फाडणारा तो साहेब, ही उतरंड या जाहिरातींनी रचली.

टपरीवर धाडी टाकून काही होणार नाही. बंदी घाला ती नावावर. ज्या नावाचा गुटखा किंवा पान मसाला आहे, त्या नावाची वेलची, केशर, पाणी, काहीही जाहिरातीत दिसता कामा नये.

मतं येऊ द्या.

माजी कॉपीरायटर

असहमत. जाहिरात क्षेत्रात उमेदीची वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धागाकर्त्याने जाहिरातवाल्यांना फारच मोठं करून ठेवलंय. आम्ही बसून समाज घडवतो असं आम्हालाही वाटायला आवडतं, पण क्लायंटची चिंता साधी असते: शेजारच्या ब्रँडचं गिऱ्हाईक आपल्याकडे कसं येईल. खाणारा आधीपासून खातच असतो.

आणि प्रतिष्ठा म्हणाल तर ती जाहिरातीने दिली का? आपल्याकडे लग्न ठरलं की 'सुपारी फुटली' म्हणतात. पाहुण्याला पानसुपारी दिल्याशिवाय बैठक उठत नाही. हळदीकुंकवाच्या तबकात सुपारी, गणपतीच्या जागी सुपारी. त्या दोन नटांनी व्याह्यांच्या तोंडी जे घातलं ते समाजात होतंच, जाहिरातीने फक्त उसनं घेतलं.

आता आकडे. केंद्र सरकारच्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातलं तंबाखू सेवन २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होतं, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के झालं. याच काळात वेलचीच्या जाहिरातींना ऊत आला होता. जाहिरात एवढी जालीम असती तर आकडा खाली कसा आला?

दंतकथा

पेशाने दंतवैद्य आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना. वरच्या आकड्यांवर एकच सांगतो.

अक्कलदाढ दुखते म्हणून एक मुलगा आला, बाविशीतला. 'आ कर' म्हटलं तर तोंड उघडेना. साधारण माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात, याची जेमतेम दीड. गालाला आतून बोट लावलं तर ताठ पांढरट पट्टे हाताला लागले, दोरी ताणून बसवल्यासारखे. मिसळ खातोस का विचारलं. म्हणाला, बंद केली, झोंबते. तंबाखू? तर जवळजवळ रागावून म्हणाला, "नाही डॉक्टर, तंबाखूला मी हात लावत नाही. फक्त मसाला."

याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तो तंबाखूने नव्हे, मुख्यतः सुपारीने होतो (पान मसाल्यात तीच असते), आणि यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. नुसती सुपारी, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच पहिल्या गटात टाकून सांगितलं. एकदा आवळलेलं तोंड पूर्ववत उघडेल याची हमी मी तरी कुणाला देत नाही.

कॉपीरायटरसाहेब, तुमच्या २६.६ टक्क्यांत हा मुलगा नाही. तो तंबाखू खात नाही ना! सर्वेक्षणात त्याची गणना निर्व्यसनी माणसांत. आणि त्याच्या तोंडी तो 'फक्त' कुठून आला, ते तुम्हीच सांगा.

वऱ्हाडी ठेचा

डॉक्टरसाहेबाचं बरोबर हाय, पण धागाकर्त्याचं काई पटलं नाई.

आमच्या इकडे नागपूर-चंद्रपुरात खर्रा चालते. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना, पन्नीत टाकून घोटून घोटून देते पानठेलेवाला. त्या खर्र्याचा कोण हिरो हाय? कोणत्या टीव्हीवर त्याची जाहिरात लागते? काईच नाई. तरी सकाळी उठल्या उठल्या पोरगं ठेल्यावर उभं असते. हापिसात साहेब खाते, चपराशी खाते, एका पन्नीतून दोघंही खाते.

अन् मिश्री? खेड्यातल्या बाया पिढ्यान्पिढ्या मिश्री लावून राहिल्या. त्याइले कोणत्या सुपरस्टारनं शिकवलं, बाप्पा?

पोराले काम नाई, खिशात दहा-वीस रुपये हाय, चार दोस्त ठेल्यावर हाय. व्यसन तिथं लागते. टीव्हीवाल्याले शिव्या देणं सोपं पडते म्हणून देऊन राहिले तुम्ही सारे.

आडवाटकर

@वऱ्हाडी ठेचा: खर्रा आणि मिश्रीचा मुद्दा बिनतोड आहे, जाहिरातीशिवायही व्यसन पसरतं. पण माझा प्रश्न व्यसन कुठून आलं हा नाहीच. मिश्री लावणारी बाई चारचौघांत तोंडाला पदर लावते. पुडी फाडणाऱ्याला तसं काही करावंसं वाटत नाही. हा फरक कुणी पाडला?

@माजी कॉपीरायटर: विडा जेवणानंतर यायचा, सणासमारंभाला यायचा, आणि मोठ्यांच्या हातून यायचा. त्याला वेळ होती, वय होतं. पुडी चौदाव्या वर्षी दप्तरात येते आणि दिवसभर खिशात राहते. पानसुपारीचा मान उसना घेतला म्हणता ना? मग पानसुपारीचा धरबंधही घ्यायचा होता!

आणि गिऱ्हाईक पळवण्याचं म्हणाल तर, ज्या राज्यात माल विकायलाच बंदी आहे तिथे कुणाचं गिऱ्हाईक कोण पळवतंय?

माजी कॉपीरायटर

जाहिरात देशभराच्या चॅनलवर लागते. पान मसाला कित्येक राज्यांत कायदेशीर आहे. महाराष्ट्रापुरता पडदा काळा करायचा का? ज्या मालावर केंद्र सरकार जीएसटीच्या सर्वांत वरच्या टप्प्यात कर गोळा करतं, त्याचं नाव घेतलं की पाप, हा दुटप्पीपणा आधी सोडवा.

कोपऱ्यावरची टपरी

मी पुडी विकतो का ते विचारू नका, सांगणार नाही.

बोर्डाचं तेवढं सांगतो. कंपनीची माणसं येतात, जुना पत्रा काढतात, लाइटवाला नवा बोर्ड चढवतात. पैसे एक मागत नाहीत. वर हिरो केवढा थोरला, मधे ब्रँडचं नाव, आणि माझ्या टपरीचं नाव खाली, गाडीच्या नंबरप्लेटएवढं. बोर्डावर वेलचीच लिहिलेली असते, सगळं कायद्यात. आता टपरी टाकून एवढी वर्षं झाली, वेलचीची पुडी मागायला कुत्रं आलेलं नाही.

बंदी आल्यापासून छापील किमतीला माल मिळत नाही एवढं मात्र सगळ्या गावाला ठाऊक आहे. मधला पैसा कोण खातो ते पण ठाऊक आहे. धाड पडली की माल माझा जातो, गुन्हा माझ्यावर. त्या बोर्डावरच्या हिरोच्या घरी गेलेत का कधी अन्न-औषधवाले?

घाटावरची

+१ टपरी.

शाळेत शिकवते. गॅदरिंगला आठवीच्या मुलांनी नाटुकली बसवली, त्यात एकजण 'बोलो जुबां केसरी' म्हणाला आणि सगळा मांडव हसला. मुख्याध्यापकही हसले, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. नंतर वाटलं, यातल्या एकाही मुलाने ही जाहिरात टीव्हीवर पाहिलेली नसेल, टीव्ही बघतंय कोण! त्यांना ती मीम आणि रील्समधून पोचली. म्हणजे कंपनीने एकदा पैसे मोजले आणि पुढचा प्रचार आपणच फुकट करतोय, वर समजतो की आपण तिची टर उडवतोय.

ज्याची रोज गंमत होते त्याची भीती कशी वाटणार?

मुंग्यांचा मोर्चा

@घाटावरची: उलट! इंटरनेटमुळेच तर थोडंफार काही झालं. एप्रिल २०२२ मध्ये अक्षय कुमारने विमलच्या जाहिरातीतून माघार घेतली आणि माफी मागितली, ती कुठल्या सरकारी नोटिशीमुळे नव्हे. लोकांनी त्याचीच जुनी व्यसनविरोधी भाषणं शोधून तोंडावर मारली म्हणून. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन कमला पसंदमधून बाहेर पडले, तेही लोक मागे लागल्यावरच. दूरदर्शनच्या जमान्यात हे झालं असतं का? तेव्हा आपण फक्त बघायचो, आता उलट उत्तर देता येतं.

आडवाटकर

@मुंग्यांचा मोर्चा: माफीनामा नीट वाचा. करारातली मुदत संपेपर्यंत जाहिरात चालू राहू शकते हेही त्यात होतं. बच्चन साहेबांनी सोडल्यावरही जाहिराती दिसत राहिल्या आणि त्यांना कंपनीला नोटीस पाठवावी लागली. चेहरा लाजला, ब्रँड नाही.

रोठा

अवांतर: श्रीवर्धनकडचा आहे. आमचा रोठा म्हणजे सुपारीतली नावाजलेली जात. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने बागा आडव्या केल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात, हिशोब तुम्हीच करा. सुपारीला सरसकट विष म्हणताना आमच्याकडेही बघा एवढीच विनंती.

दंतकथा

@रोठा: बागायतदाराशी भांडण नाही. पण पेशंटच्या गालात बोट घातल्यावर सुपारी श्रीवर्धनची की आणखी कुठली हे कळत नाही हो.

कायद्याचा कीस

चर्चा छान, पण कायद्यात काय आहे ते कुणी बघितलंय का? तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने बंदी आहेच, अप्रत्यक्ष जाहिरातीसकट. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही आडून केलेल्या जाहिरातीला स्पष्ट मनाई आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी सेलिब्रिटीलाही दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

मेख पुढे आहे. त्याच तत्त्वांत एक पुस्ती जोडली आहे: बंदी असलेल्या मालाचं नाव दुसऱ्या मालाला असलं, तर जाहिरात अन्यथा आक्षेपार्ह नसेल तोवर निव्वळ नाव वापरल्याने ती आडून केलेली जाहिरात ठरत नाही. धागाकर्ता जी बंदी मागतोय ती नेमकी या एका वाक्यापाशी अडते. दार बंद केलं आणि खिडकी मोजून मापून ठेवली.

बंदी घातली की मिटलं असं समजणाऱ्यांना आणखी एक आठवण. महाराष्ट्राने गुटखाबंदी पहिल्यांदा २००२ मध्ये आणली होती. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला तो अधिकारच नाही म्हणून ती रद्द केली. २०१२ ची बंदी अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्यावर उभी आहे, म्हणून टिकली.

माजी कॉपीरायटर

ती पुस्ती काढली तर उद्या कुणाचाही कुठलाही धंदा अडवता येईल. सिगारेटची कंपनी गव्हाचं पीठ आणि बिस्किटं विकते, तिला काय सांगणार?

कायद्याचा कीस

पिठाच्या पिशवीवर सिगारेटचं नाव नसतं. पीठ वेगळ्या नावाने विकलं जातं आणि खपतं. वेलचीवाल्यांनीही नवं नाव घ्यावं, वाटेल तेवढे हिरो घ्यावेत. मग बघू किती वेलची खपते आणि तिच्या जाहिरातीवर पुढच्या वर्षी किती खर्च होतो.

माजी कॉपीरायटर

एक ओळ खरी सांगतो. नवं नाव दिलं तर हे खातं कुठलीच एजन्सी मिळवायला धावणार नाही, कारण तेवढं बजेटच राहणार नाही. तरीही सरकारने नावं ठरवावीत हे मला मान्य नाही.

वऱ्हाडी ठेचा

तुमचं चालू द्या. नाव बंद करा, हिरो बंद करा, माझी काई हरकत नाई. पण शरद पवार स्वतःच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल जाहीर सभांत सांगून राहिले, आबा पाटील २०१५ मध्ये याच रोगानं गेले, अख्ख्या महाराष्ट्रानं पाह्यलं. त्यानं ठेल्यावरची गर्दी किती कमी झाली? पोरगं टीव्ही पाहून खात नाई अन् टीव्ही पाहून सोडतही नाई.

दंतकथा

मग तुमच्या ठेल्यावरच्या पोरांना एकदा आरशासमोर तीन बोटं तोंडात घालायला सांगा. ज्याची जात नाहीत त्याला पाठवून द्या, तपासायचे पैसे घेत नाही.

वऱ्हाडी ठेचा

नागपूरहून तुमच्या तालुक्यात कोण येते, डॉक्टर? इकडच्या सरकारी डेंटलमध्ये नेतो दोघा-तिघाले. बाकी जाहिरातीवर माझं मत हाय तेच हाय.