नव्या सिस्टरना रात्रपाळीसाठी तयार कसे करावे? अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्याकडे जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग नुकतेच पूर्ण केलेल्या मुली रुजू होतात. काही गोव्यातल्याच असतात, काही सावंतवाडी-दोडामार्गकडून, तर काही कारवार-बेळगावकडून येतात. त्यांना वॉर्डमध्ये तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे आणि त्याबाबत मला आपला सल्ला हवा आहे.

सुरुवातीचे वर्ग व्यवस्थित होतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या डब्या-पिशव्यांचे रंग, हात धुण्याचे पाच प्रसंग, सुई टोचल्यास कोणाला कळवायचे, हे सर्व मुलींना नीट समजते. अडचण त्यानंतर सुरू होते. प्रत्येक नव्या मुलीला एका ज्येष्ठ सिस्टरबरोबर ठेवायचे असा आमचा नियम आहे. परंतु त्या ज्येष्ठ सिस्टरकडे स्वतःचे रुग्ण पूर्वीइतकेच असतात, त्यामुळे शिकवण्याऐवजी फार्मसीतून औषधे आणणे, लॅबला नमुने पोहोचवणे, डिस्चार्जचे कागद लावणे अशी कामे नवीकडे जातात आणि पाळी संपते. यात ज्येष्ठ सिस्टरचा दोष आहे असे मला मुळीच वाटत नाही. शिकवण्यासाठी वेळ दिलेलाच नसेल, तर शिकवणे हे तिच्या चांगुलपणावर अवलंबून राहते.

जेथे शेजारी उभे राहून शिकवता येते तेथे फरक लगेच दिसतो. इन्सुलिनचे उदाहरण देते. आपल्याकडे 40 युनिट प्रति मिलीलीटर आणि 100 युनिट प्रति मिलीलीटर अशा दोन्ही तीव्रतेच्या वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) वापरात आहेत. पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज, दुसरीसाठी नारिंगी. शंभरच्या वायलमधील औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला 10 ऐवजी 25 युनिट जातात. हे वर्गात सांगून झालेले असते, तरीही वायलवरचा आकडा मोठ्याने वाचून मगच सिरिंज उचलायची, ही सवय ट्रॉलीजवळच लागते. श्वसनाचेही तसेच आहे. चार्टवर सर्व रुग्णांचा श्वासाचा वेग 20 लिहिलेला दिसला, की तो मोजलेला नाही हे कळते; आणि रुग्ण खालावताना पुष्कळदा हाच आकडा सर्वांत आधी बदलतो. मी नव्या मुलीला घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजायला लावते.

मात्र माझी खरी काळजी रात्री डॉक्टरांना फोन करण्याची आहे. रुग्णात काहीतरी बिघडते आहे हे मुलींना जाणवते, पण ‘सर रागावतील’, ‘आणखी थोडे पाहूया’ असे म्हणत त्या थांबतात. फोन केलाच, तर ‘सर, पेशंटला बरे वाटत नाही’ एवढेच सांगतात आणि पलीकडून प्रश्न आले की गोंधळतात. म्हणून आम्ही एसबीएआर पद्धत सुरू केली आहे: आत्ता काय घडते आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते आणि मला आपल्याकडून काय हवे आहे, या क्रमाने बोलायचे. पहिले तीन भाग मुली लवकर शिकतात. ‘सर, आपण येऊन पाहावे’ हे चौथे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही. हे धाडस ड्यूटीवर कसे शिकवावे? सरावासाठी डॉक्टरांनाच सामील करून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का?

दुसरा प्रश्न असा, की एखाद्या मुलीला रात्री स्वतंत्रपणे रुग्ण सोपवता येतील हे आपण कशावरून ठरवता? आमच्याकडे ते रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरते. अमेरिकन परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेन्नर यांनी 1984 मध्ये मांडलेल्या नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्यांमध्ये, एकाच प्रकारच्या कामात साधारण दोन-तीन वर्षे घालवलेली परिचारिका मधल्या, म्हणजे सक्षमतेच्या, पायरीवर येते. तेवढे थांबणे कोणत्याही रुग्णालयाला शक्य नाही, हे मी जाणते. तरीही तारखेऐवजी प्रत्यक्ष पाहिलेल्या कौशल्यांवर निर्णय व्हावा आणि तोवर रात्री तिच्याबरोबर जुनी सिस्टर असावीच, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी, शिकवणाऱ्या सिस्टरचे रुग्ण कमी करावेत हे व्यवस्थापनाला पटवून देण्यात कोणाला यश आले असल्यास, त्यांनी नेमकी कोणती मांडणी केली ते कृपया सविस्तर लिहावे. मॅट्रन मॅडम माझ्या बाजूच्या आहेत, परंतु पुढच्या बैठकीत त्यांना लेखी प्रस्ताव ठेवावा लागणार आहे. लहान रुग्णालयात, मोजक्या कर्मचाऱ्यांत हे जमवलेल्यांचे अनुभव मला सर्वाधिक उपयोगी पडतील.