विषय: ढोलाचा सराव, अर्व्हाइन (कॅलिफोर्निया) – क्लबहाऊस गेलं, आता कुठे?

सचिव:
मंडळी, आमच्या व्हिलेजच्या, म्हणजे वसाहतीच्या, घरमालक असोसिएशनचं पत्र आलं. रविवारी क्लबहाऊस मिळेल, ढोल चालणार नाहीत. लेझीम चालेल म्हणे (मॅनेजरने लेझीम ऐकलेली नाही). मिरवणुकीला पाचच रविवार उरलेत. ढोल माझ्या गॅरेजात, म्हणून गाडी रस्त्यावर, आणि त्याचंही वेगळं पत्र आलंय. शुक्रवारपर्यंत जागा सुचवा.

अण्णा, टर्टल रॉक:
मागच्या वर्षीच मी काय म्हणालो होतो? क्लबहाऊस असोसिएशनचं, मोठी पार्कं सिटीची, म्हणजे नगरपालिकेची. दर वर्षी हीच गल्लत! अर्व्हाइन सिटी झाली 1971 साली. युनिव्हर्सिटी पार्क, आमचं टर्टल रॉक ही व्हिलेजं त्याआधीची. इथली सगळी शेतजमीन, म्हणजे रँच, एकाच कंपनीची. आर्किटेक्ट परेरांनी मध्ये विद्यापीठ धरून आराखडा केला, कंपनीने विद्यापीठाला 1,000 एकर एका डॉलरला दिले, भोवती एकेक व्हिलेज बसवलं. असोसिएशनचा तोरा तेव्हापासूनचा. सिटीकडे अर्ज करा.

बाळू, ग्रेट पार्क:
अण्णा, इतिहास कळला. पण मालमत्ता कर, त्यावर मेलो-रूझ (नव्या वस्तीचा जादा कर), त्यावर असोसिएशनची वर्गणी, एवढं भरून ढोल वाजवायला पुन्हा अर्ज? तुम्हाला मेलो-रूझ नाही, तुम्ही बोलणारच.

नंदूवहिनी:
बाळू, घर घेताना कागद वाचले होतेस ना रे? 1978च्या प्रॉपोझिशन 13 या कायद्याने मालमत्ता कराला वेसण घातली. मग नव्या वस्तीच्या शाळा-रस्त्यांचा पैसा त्याच वस्तीकडून घ्यायला 1982मध्ये मेलो-रूझ आला. अण्णांची घरं त्याआधीची, यात त्यांचा काय दोष? आणि तू राहतोस तिथे 1942पर्यंत रँचचे डबल बीचे मळे होते, मग मरीन्सचा विमानतळ, तो 1999ला बंद झाला. इतकी वर्षं जेट सोसलेल्या जमिनीला आपले आठ ढोल जड नाहीत.
ता.क. नॉर्थवुडमध्ये निलगिरीच्या रांगांशेजारी जागा आहे. संत्र्याच्या बागांना वारा लागू नये म्हणून रँचने लावलेली झाडं ती. आवाज अडेल का, ते मात्र बघावं लागेल.

बाळू:
वहिनी, कागद वाचले होते. आकडा वाचून डोळे मिटले.

हडपसरकर:
आमच्या मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांवर जमीन एकत्र करून स्वतःच सिटी उभी केली. जमिनीचे मालकच भागीदार. इथे सगळं एका कंपनीच्या मर्जीने.

अण्णा:
आणि तिथल्या क्लबहाऊसात रविवारी दुपारी ढोल वाजवू देतात का?

हडपसरकर:
मुद्दा तो नाही.

सचिव:
मुद्दा तोच आहे. सिटीचा अर्ज आणलाय. विम्याचं प्रमाणपत्र जोडायचंय. ते खजिनदारांकडे, खजिनदार साताऱ्यात, फोन बंद. कुणाकडे गेल्या वर्षीची प्रत आहे का? आणि निदान चार ढोल कुणी घरी न्या. आता कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो म्हणून तिसरं पत्र आलंय.