मक्याच्या ट्रायलचा डेटा सगळ्यांसाठी खुला करावा का?

बडोदेकर_शेतकी:
राहतो बडोद्यात, पण कामामुळे गोध्रा-दाहोदकडे सारखं जाणं असतं. मागच्या खरिपात एका ट्रायलमध्ये दोन वाण शेजारी-शेजारी होते, ऐन फुलोऱ्यात पावसाने ताण दिला, एकाचा तुरा येऊन परागही झडले तरी ते झेलणारे कणसाचे केस बाहेर नाहीत, मग दाणा धरणार कसा, नंतर सोलून बघितलं तर शेंड्याकडे चार बोटं नुसतं बुरकुंड. दुसऱ्याचं टोकापर्यंत भरलेलं! तुरा कधी, केस कधी, सगळं रजिस्टरात असतं, पण अहवालात छापून येते सरासरी. मला प्लॉटवार आकडे हवेत, सोबत तिथला रोजचा पाऊस आणि माती, कारण तोच वाण एका गावात चालतो न् दुसरीकडे झोपतो तो का, हे त्याशिवाय कळणारच नाही. अमेरिकेत जीनोम्स टू फील्ड्स या संशोधन प्रकल्पाचे लोक २०१४ पासून हेच करतायत, बऱ्याच राज्यांत संकरित मका लावतात, शेतातच हवामान यंत्र, वाणांची जनुकीय माहितीही सोबत, आणि कोणीही डाउनलोड करा. आपल्याकडे अशा ट्रायल घेणारा अखिल भारतीय समन्वित मका प्रकल्प तर १९५७ चा. पैसा जनतेचा, मग डेटाही जनतेला द्या.

रावपुरा_ताई:
दादा, माझी भाची मक्यावरच पीएचडी करतेय. दोन खरीप चिखलात उभी राहिली, रोज सकाळी प्रत्येक प्लॉटमधले तुरे मोजायचे, घरी आली की हातावर पानांचे ओरखडे. तिचा पेपर यायच्या आधी डेटा खुला केला तर दुसराच कोणी घरबसल्या छापून मोकळा होईल. मला हे अजिबात पटत नाही.

बडोदेकर_शेतकी:
ताई, ही भीती खरी आहे. पण तिकडेही आधी राबणाऱ्यांना डेटा मिळतो, बाकीच्यांना नंतर. तेवढी मुदत इथेही ठेवू.

मकाई_रोटला:
मुदतीने माझा प्रश्न सुटत नाही. आमच्या दाहोदकडच्या आदिवासी घरांत आजही चुलीवर टांगलेली जुन्या देशी मक्याची कणसं दिसतात, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं बी आहे ते, त्याची जनुकं तपासून आकडे खुले टाकलेत तर फायदा त्याचाच ज्याच्याकडे मोठी प्रयोगशाळा आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला लाभातला वाटा आहे, पण तो मागायला आधी आपलं बी कुठे वापरलं गेलं हे कळायला नको का?

बडोदेकर_शेतकी:
देशी वाणांबद्दल मान्य, तिथे गावाला विचारल्याशिवाय काही नाही. मी बोलतोय ते प्रसारित झालेल्या संकरित वाणांबद्दल, त्यांचं बी शेतकरी पैसे मोजून घेतो, त्याला तरी कळू दे की ताणात कुठलं तगतं.

रावपुरा_ताई:
मुदत पण नुसती एखाद्या वर्षाची नको, प्रबंध सादर होईपर्यंत हवी, हे मी सोडणार नाही. पाऊस, तापमान न् मातीचे रिपोर्ट मात्र आजच खुले करा, त्यावर कुणाचा पेपर अडत नाही.