मदत हवी आहे : केस फीडरच्या धर्तीवरील यंत्रात लहान पितळी टोप्या उलट्या पडतात आणि नळीत अडकतात

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे प्रेसकामाचे लहान युनिट आहे. तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर बसणाऱ्या पितळी टोप्या, म्हणजे एक तोंड बंद आणि दुसरे उघडे असलेली पातळ नळकांडी, आमच्याकडे ओढून तयार होऊन येतात आणि त्यांच्या उघड्या तोंडाला बाहेर कॉलर वळवण्याचे काम आम्ही पॉवर प्रेसवर करतो. कामगाराला डायखाली बोटे घालावी लागू नयेत म्हणून नग आपोआप पुरवणारे एक यंत्र काही वर्षांपूर्वी आमच्या त्या वेळच्या फोरमननी येथेच बनवले होते आणि ते आजवर विनातक्रार चालले. अडचण नव्या, लहान मापाच्या नगापासून सुरू झाली.

यंत्राची मूळ कल्पना रीलोडिंग प्रेसवरील केस फीडरची आहे. परदेशातील हौशी नेमबाज वापरलेल्या काडतुसांच्या पितळी केस (रिकामी कवचे) पुन्हा भरण्यासाठी जो प्रेस वापरतात, त्याच्या डोक्यावर एक तिरके भांडे असते, भांड्याच्या तळाशी खाचा असलेली तबकडी संथ फिरते आणि ढिगातली एकेक केस खाचेत उचलून वर नेऊन नळीत सोडते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, त्यामुळे तयार केस फीडर किंवा त्याची तबकडी मागवण्याचा विचार आम्ही केलेला नाही. आमचा माल सेन्सरच्या टोप्यांचा आहे आणि प्रश्न केवळ नग सरळ कसा पडेल एवढाच आहे, हे गैरसमज टाळण्यासाठी आधीच लिहून ठेवतो.

आमच्या यंत्रात भांडे आडव्या पातळीशी ३० अंशांनी कललेले असून तबकडीला दहा खाचा आहेत. नग खाचेत केंद्राकडून कडेकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, आडवा पडतो. तबकडी त्याला सर्वांत उंच जागी नेते तेव्हा तिथला तळ कापलेला असतो आणि त्या मोकळ्या जागेच्या बरोबर मधून एक बारीक पट्टी जाते, जिला आम्ही पूल म्हणतो. नग त्या पुलावर क्षणभर तोलला जातो, बंद बाजू जड असल्यामुळे ती आधी झुकते आणि नग बंद तोंड खाली करून नरसाळ्यात व तेथून नळीत उतरतो. नळीच्या वरच्या टोकाशी एक मायक्रोस्विच आहे, जो नळी भरल्यावर मोटर थांबवतो.

जुना नग १२ मिमी व्यासाचा आणि ३२ मिमी लांबीचा होता. त्याची खाच ३४ मिमी लांब होती. नवा नग ९.६ मिमी व्यासाचा आणि १५.५ मिमी लांबीचा आहे. पत्रा दोन्हींत ०.५ मिमी आहे. नव्या मापासाठी आम्ही त्याच १२ मिमी जाडीच्या नायलॉन शीटमधून दुसरी तबकडी कापून घेतली आणि तिच्या खाचा १८.५ मिमी लांब व १०.४ मिमी रुंद ठेवल्या. खाचेचा मध्य पूर्वीप्रमाणेच पुलावर येतो. नरसाळे (वरचे तोंड २५ मिमी), नळी (आतील व्यास १३.५ मिमी), मोटर आणि स्विच यांत काहीही बदललेले नाही.

आता जवळपास निम्मे नग उघडे तोंड खाली करून येतात. अधूनमधून एका खाचेत एकावर एक असे दोन नग चढतात, आणि नळीत दोन नग एकमेकांवर तिरके रुतून बसले की वरून बारीक गज घातल्याखेरीज ते सुटत नाहीत. भरीस भर म्हणजे नळी गच्च भरली तरी स्विच कधी कधी लागतच नाही. प्रेसला मिनिटाला चाळीस नग पुरतात आणि तबकडी मिनिटाला १२ फेरे घेते, म्हणजे पुरवठा गरजेच्या तिप्पट आहे. वेग कमी करण्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर लावून पाहिला, पण मोटर फक्त गुरगुरते.

व्हायब्रेटरी बाऊल फीडरचे (कंपनाने नग सरळ रांगेत लावणाऱ्या तयार यंत्राचे) दरपत्रक मागवले होते, परंतु या लॉटच्या आकाराला तो खर्च पेलणारा नाही. तेव्हा आहे त्याच यंत्रात नेमके काय बदलावे, आणि कोणत्या क्रमाने बदलावे, याबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. दिसते तशी एक गोष्ट नोंदवतो : उलटा पडणारा नग असो वा सुलटा, तो नेहमी केंद्राकडच्या टोकानेच खाली जातो असा आमच्या ऑपरेटरचा दावा आहे.

प्रतिसाद १ (टूलरूम, शिरोली एमआयडीसी)

तुमच्या ऑपरेटरने निम्मे उत्तर दिलेलेच आहे, त्यांना माझ्या वतीने एक चहा पाजावा.

एकसारख्या जाडीच्या टोपीत पितळेचे वजन कसे वाटले गेले आहे ते पाहिले, तर तुमच्या जुन्या नगाचा गुरुत्वमध्य लांबीच्या मध्यापासून बंद बाजूकडे साधारण १.२ मिमी सरकलेला होता आणि नव्या नगात तो साधारण ०.९ मिमीच सरकलेला आहे. सुलट-उलट ठरवण्यासाठी यंत्राकडे एवढेच भांडवल असते. आता खाचेतील ढिलाई पाहा. सर्वांत उंच जागी तबकडीचा उतार केंद्राकडे असतो, म्हणून नग खाचेच्या मध्यावर राहत नाही, तो घसरून आतल्या भिंतीला टेकतो. जुन्या खाचेत तो त्यामुळे मध्यापासून १ मिमी आत जात असे, जे १.२ मिमीपेक्षा कमी होते आणि म्हणून बंद बाजू बाहेर असली तरी तीच जिंकत असे. नव्या खाचेत तो १.५ मिमी आत जातो, जे ०.९ मिमीपेक्षा अधिक आहे. परिणामी बंद बाजू कुठेही असो, पुलाच्या आतल्या अंगालाच वजन जास्त पडते. ढिगात नगांची तोंडे दोन्हीकडे सारखीच असतात, म्हणून उलट्या नगांचे प्रमाण निम्म्यावर आले आहे.

यावर नवी तबकडी करण्याची गरज नाही. पूल केंद्राच्या दिशेने १.५ मिमी सरकवा, म्हणजे आतल्या भिंतीला टेकलेल्या नगाचा मध्य त्यावर येईल. मात्र पूल कायमचा रिव्हेट करू नका. त्याच्या पायाला लांबट भोके पाडून तो सरकता ठेवा, कारण वरील आकडेमोड दिशा दाखवते, पण भांड्याच्या कलण्यामुळे आणि भिंतीच्या घर्षणामुळे अचूक जागा प्रत्यक्ष चालवूनच सापडते. पुलाचा माथाही तपासा. तो एक मिमी रुंद आणि सपाट असेल, तर नगाच्या ०.९ मिमी भांडवलातले निम्म्याहून अधिक तिथेच खर्च होते, म्हणून त्याला कानशीने दोन्ही अंगांनी उतार देऊन धारेसारखा करावा.

पूल नीट लावूनही काही नग उलटे येतील, आणि त्याचे कारण नरसाळ्यात आहे. जुन्या नगाचा कर्ण ३४ मिमी होता, त्यामुळे २५ मिमी तोंडाच्या नरसाळ्यात तो इच्छा असूनही कोलांटी घेऊ शकत नव्हता. नव्या नगाचा कर्ण १८.२ मिमी आहे, तो तिथे निवांत उलटतो. रीलोडिंग करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो : ४४.७ मिमी लांबीची .२२३ रेमिंग्टनची केस ज्या मार्गाने बिनबोभाट उतरते, त्याच मार्गात १७.३ मिमीची .३८० एसीपीची केस आडवी होते, आणि म्हणून उत्पादक स्मॉल पिस्टल, लार्ज पिस्टल अशा वेगवेगळ्या तबकड्या विकतात. तबकडी बदलूनही ज्यांचे भागत नाही, ते पुढचा मार्ग अरुंद करतात. तुम्ही पुलाखाली उभा पडदा सोडा, म्हणजे पुलाच्या दोन्ही अंगांना साधारण १२ मिमी रुंदीच्या दोन स्वतंत्र उतरंडी तयार होतील आणि त्यांत १८.२ मिमी कर्णाचा नग फिरू शकणार नाही. पडद्याचे खालचे टोक आणि नळीचे तोंड यांतील अंतर नगाच्या लांबीपेक्षा, म्हणजे १५.५ मिमीपेक्षा, निश्चितपणे कमी ठेवा. नगाची शेपटी पडद्यातून सुटण्यापूर्वी त्याचे नाक नळीत शिरलेले असले पाहिजे. पूर्ण मार्गात नग एक क्षणही मोकळा राहता कामा नये.

नळीचे गणितही तेच आहे. १३.५ मिमीच्या नळीत तुमचा नग सुमारे १६ अंशांपर्यंत तिरका होतो, आणि विरुद्ध बाजूंना तिरके झालेले दोन नग पाचरीसारखे बसतात. १०.५ मिमी आतील व्यासाची नळी घेतल्यास तो तिरकेपणा साडेतीन अंशांच्या आत येतो.

दोन नग एका खाचेत चढण्याला तबकडीची जाडी कारणीभूत आहे. १२ मिमी खोल खाचेत ९.६ मिमीचा नग बसला, की वर २.४ मिमीची कड शिल्लक राहते आणि दुसरा नग त्या कडेत आरामात तग धरतो. ८ मिमी जाडीची तबकडी केली तर पहिल्या नगाची पाठ वर राहील आणि दुसऱ्याला टेकायला जागा उरणार नाही. तोवर, पुलाच्या अलीकडे नायलॉनच्या तंतूंचा एक ब्रश तिरका लावून पाहा.

तुमची मोटर सिंक्रोनस जातीची दिसते. तिचा वेग विजेच्या ५० हर्ट्झला बांधलेला असतो, त्यामुळे रेग्युलेटरने तो बदलणार नाही. गिअर असलेली डीसी मोटर आणि पीडब्ल्यूएम नियंत्रक (वीज झटपट चालू-बंद करून वेग बदलणारा) घ्या आणि मिनिटाला सहा फेऱ्यांवर चालवा. साठ खाचा मिनिटाला समोर येतील आणि काही रिकाम्या गेल्या तरी प्रेस उपाशी राहणार नाही. पुलावर नगाला झुकण्यास जास्त वेळ मिळेल, हा खरा फायदा.

प्रतिसाद २ (इन्स्ट्रुमेंटेशन, गोकुळ शिरगाव)

स्विचबद्दल थोडेसे. जुना नग साधारण ५.३ ग्रॅमचा होता आणि नवा २.१ ग्रॅमचा आहे, त्यामुळे स्विचच्या पात्याला दाबण्याइतका भार आता येत नाही. येथे स्पर्शाविना काम करणारा सेन्सर हवा. इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (जवळ आलेला धातू स्पर्शाविना ओळखणारा) घेणार असाल, तर त्याच्यावर छापलेले अंतर लोखंडासाठी असते आणि पितळासाठी ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, हे दुकानातच लक्षात घ्या. पारदर्शक नळी असेल तर फोटो सेन्सर अधिक सोपा पडेल. नळीतून नुसता जाणारा नग आणि थांबलेला नग यांत फरक करण्यासाठी एक-दीड सेकंदाचा टायमर मध्ये घालावा, अन्यथा मोटर सारखी चालू-बंद होत राहील.

प्रतिसाद ३ (निवृत्त, ओढकाम विभाग)

वरील सर्व सूचना योग्य आहेत. माझी भर वेगळ्या बाजूने आहे. ओढकामातून आलेल्या टोप्यांवर वंगणाचा थर राहतो, आणि २ ग्रॅमच्या नगाला तो पुलावर किंवा खाचेत चिकटवून ठेवण्यास पुरेसा असतो. जड नगाच्या बाबतीत हे लक्षातही येत नाही. म्हणून भांड्यात ओतण्यापूर्वी नग गरम साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावेत.

धुण्यासाठी अमोनिया असलेले द्रावण मात्र कटाक्षाने टाळावे. ओढलेल्या ७०:३० (तांबे व जस्त) पितळात ताण साठलेला असतो आणि अमोनिया व दमटपणा यांच्या संगतीत त्याला आपोआप उभे तडे जातात. ब्रिटिशांच्या काळात भारतात तबेल्यांमध्ये साठवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात असेच तडे जात, आणि त्याचे मूळ जनावरांच्या मुतातून सुटणाऱ्या अमोनियात होते. कोल्हापूरचा पावसाळा आपण सर्व जाणतोच, तेव्हा धुतलेला माल ओलसर गोणपाटावर पसरून ठेवू नये.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नळी काढून ठेवून पुलाखाली ट्रे धरला आणि मोबाईलवर संथ गतीचे चित्रीकरण केले; प्रत्येक नग आतल्या टोकानेच झुकताना स्पष्ट दिसतो. पूल सरकता करून आत घेतल्यावर ट्रेमध्ये पडणाऱ्या नगांत उलटा नग क्वचितच आढळला, पण नरसाळे आणि नळी पुन्हा जोडताच काही नग उलटे येऊ लागले, म्हणजे पडद्याचा मुद्दाही खरा ठरला. पडदा आता गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा करत आहोत, ८ मिमी शीट सांगितली आहे आणि स्विचऐवजी फोटो सेन्सर बसवणार आहोत.

एक शंका उरते. १०.५ मिमी आतील व्यासाची पारदर्शक नळी प्रेसच्या खांबाला वळसा घालून न्यावी लागते. वळणावर नग अडकू नयेत यासाठी ते किती मोठे ठेवावे?

प्रतिसाद १ (टूलरूम, शिरोली एमआयडीसी)

नगाच्या लांबीचा वर्ग भागिले नळीतील मोकळ्या जागेची आठपट, असे केले की सर्वांत लहान त्रिज्या मिळते. तुमच्या मापाने मोकळी जागा ०.९ मिमी आहे, त्यामुळे उत्तर सुमारे ३३ मिमी येते. परंतु वाकवल्यावर नळी चपटी होते आणि मोकळी जागा आणखी घटते, तेव्हा १०० मिमीच्या खाली जाऊ नका, आणि वळण नळीच्या वरच्या भागात घ्या. खालचा निदान हातभर भाग सरळ उभा ठेवा, म्हणजे रांगेचे वजन शेवटच्या नगावर सरळ पडेल आणि तो डायकडे वेळेवर सरकेल.