बेकर बॉयने ते मेडल घ्यायला नको होतं

रिकामटेकडा: आधी मत सांगतो, शिव्या नंतर घाला. बेकर बॉय म्हणजे डॅन्झल बेकर, ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचा योल्ंगू (तिथले मूळनिवासी) पोरगा, योल्ंगू माथा (त्यांची भाषा) आणि इंग्लिश मिसळून रॅप करतो, यिडाकी (आपण डिजरिडू म्हणतो ते फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य) वाजवतो आणि नाचतो तर असा की बघत राहावं. २०१९ ला 'यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर', २०२१ ला ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलियाचं मेडल. तेही २६ जानेवारीच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय दिनाच्या, सन्मानयादीत! १७८८ ला याच तारखेला इंग्रजांनी सिडनीत झेंडा रोवला, मूळनिवासी लोक याला आक्रमण दिन म्हणतात. ए. बी. ओरिजिनलने, म्हणजे ब्रिग्ज आणि ट्रायल्स या मूळनिवासी रॅपर जोडीने, २०१६ ला या तारखेविरुद्ध अख्खं गाणं केलं. हा मात्र गोड हसून मेडल घेतो. मवाळ वाटतो मला.

खारेदाणे: मवाळ?? अरे तिथे इंग्रज आले तेव्हा अडीचशेच्या वर भाषा होत्या, त्यातल्या आज लहान पोरं घरात शिकतात अशा जेमतेम डझनभर उरल्यात आणि हा त्यातल्या एकीत रॅप करून ट्रिपल जे रेडिओच्या २०१७ च्या हॉटेस्ट १०० मध्ये (श्रोत्यांच्या मतांवर ठरणारं वर्षाच्या गाण्यांचं काउंटडाउन) आपलं 'मर्युना' हे गाणं १७ व्या नंबरवर नेतो. मर्युना म्हणजे लाज न बाळगता नाचणं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लाजच शिकवली त्यांच्या पोराने हे म्हणायचं, यात राजकारण नाही तर काय आहे?

मेलबर्नकर काका: मी इथेच राहतो. रिकामटेकड्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही बरं का. इथे लोकांना नाच आवडतो, यिडाकी आवडते, पुरस्कारही भरभरून देतात, २०२२ च्या एरिया या संगीत पुरस्कारांमध्ये त्याच्या 'गेला' अल्बमला पाच मिळाले (गेला म्हणजे त्याचं स्किन नेम, मूळनिवासींच्या नातेव्यवस्थेतलं नाव, आपलं गेला-आला नाही 😄). आणि पुढच्याच वर्षी व्हॉइसच्या (संसदेला सल्ला देणारं मूळनिवासींचं मंडळ राज्यघटनेत आणायच्या) सार्वमतात साठ टक्के लोक 'नाही' म्हणाले. टाळ्या वाजवायला काय जातं.

खारेदाणे: काका ते मतदारांचं झालं, त्याचा हिशोब कलाकाराकडे कशाला मागायचा. आणि 'गेला'मधलं 'सर्व्हाइव्ह' ऐका आधी. त्यात अंकल जॅक चार्ल्सचा आवाज आहे, ज्यांना तान्हं असताना आईपासून तोडून संस्थेत टाकलं होतं ते नट. हे मवाळ वाटलं तर सांगा.

रिकामटेकडा: ऐकलं. दोनदा ऐकलं. मवाळ शब्द मागे. मेडलचं मात्र मत बदलत नाही, तारीख ती तारीखच. ट्रिपल जेसारख्या रेडिओने २०१८ पासून आपलं काउंटडाउन २६ जानेवारीवरून हलवलं, मग कलाकाराला 'दुसऱ्या दिवशी द्या' म्हणायला काय हरकत होती?

मेलबर्नकर काका: सन्मानयादीची तारीख सरकार ठरवतं रे, तो नाही. ब्रिग्जसारखं दार ठोठावणारा एक हवा तसा आत जाऊन यिडाकी वाजवणाराही एक हवाच की.

रिकामटेकडा: काका तुम्ही आता दोन्हीकडून बोलताय 😅